मनातले विचार व त्यांस द्यावयाचे उत्तर

मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांतून आबालवृद्धांच्या तोंडी आहे. वैऱ्याला रात्री झोप तरी लागते. मन मात्र मध्यरात्र उलटून गेली तरी आपल्याच धन्याविरुद्ध कट रचीत बसते. मी निकामी आहे, माझ्याच पायगुणाने घराला ही कळा आली, इतकी वर्षे प्रार्थना केली पण देवाने माझे नाव आपल्या वहीतून खोडले असावे, असे विचार ज्यांच्या अंतःकरणात ठाण मांडून बसले आहेत अशी माणसे बहुधा प्रत्येक मंडळीत आहेत. ती उपासनेला येतात तेव्हा शेवटच्या ओळीत दाराजवळ बसतात, आणि काही दिवसांनी येईनाशी होतात.

मग कोणी प्रचारक किंवा वडील त्यांच्या घरी जाऊन सांगतो की, "भाऊ, तुमचा विश्वास कमी पडला. ख्रिस्ती माणसाने असले विचार मनात आणणे हेच पाप होय." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु ज्याच्या उरावर एक धोंडा होता त्याच्या उरावर आता दोन झाले. पूर्वी तो केवळ दुःखी होता. आता तो दुःखी असल्याबद्दल अपराधीही झाला. अशा मनुष्याला जीव नकोसा होण्यापर्यंत मजल जाते, हे ज्यांनी गावात अशी मयत उचलली आहे त्यांस सांगावयास नको.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, मनुष्याच्या मनात निराशेचे जे विचार येतात त्यांबद्दल तो देवापुढे जबाबदार आहे काय? आणि जबाबदार नसेल, तर विश्वासाचा व पवित्र शास्त्राचा त्या विचारांशी संबंध तो कोणता?

हा प्रश्न नवा नव्हे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात पंत प्रांतात जन्मलेला इव्हाग्रियस नावाचा एक विद्वान उपदेशक कॉन्स्टँटिनोपल शहराचा मानमरातब सोडून मिसर देशाच्या रानात जाऊन राहिला, व तेथेच ३९९ मध्ये मरण पावला. आपण प्रॉटेस्टंट लोक मठवासी संन्याशांकडे फारसे वळत नाही, आणि ह्या गृहस्थाची काही मते तर पुढे मंडळीने साफ नाकारली. तथापि मनाच्या रोगांविषयी त्याने जे पाहिले ते डोळ्यांत तेल घालून पाहिले. मनुष्याला छळणारे आठ विचार त्याने नोंदले आहेत. त्यांत खादाडपणा, लोभ, राग, गर्व ह्यांच्या पंक्तीला दुःख व उबग हे दोन आहेत. हे विचार आपल्याला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नाही. ते मनात रेंगाळतील की नाही आणि विकारांना चेतवतील की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे, असे त्याचे म्हणणे. उबगाचे जे वर्णन त्याने केले आहे ते वाचून कोणाही प्रचारकाला आपलीच दुपार आठवेल. दिवस माथ्यावर येतो, सूर्य जागचा हलेनासा होतो. मनुष्य पुन्हापुन्हा खिडकीकडे पाहतो, राहत्या जागेचा त्याला वीट येतो, बंधुजनांत प्रेम उरले नाही व आपले सांत्वन करणारे कोणी नाही असे त्याला वाटू लागते, आणि दुसऱ्या कोणत्या तरी ठिकाणी काम सोपे होते असे मन त्याला सुचविते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इव्हाग्रियसने ह्यांना विचार म्हटले. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी रोमचा बिशप पहिला ग्रेगरी ह्याच्या हातून ही यादी सात मुख्य पापांच्या रूपाने पश्चिमेकडील मंडळीत रूढ झाली. विचार हे नाव जाऊन पाप हे नाव आले, आणि दुःखी मनुष्याला अपराध्यांच्या पिंजऱ्यात उभे करणे फार सोपे झाले. आमच्या मते पहिलेच नाव अधिक खरे होते. दारावर कोणीही येऊ शकतो. आलेल्याला पाट मांडून ताट वाढले, तर ते मात्र घरधन्याचे कृत्य होय.

बरे, आलेल्या विचाराला घालवावयाचे कसे? मी आता ह्याचा विचार करणार नाही, अशी शपथ घेऊन तो जात नाही, उलट अधिकच चिकटतो. इव्हाग्रियसने ह्यावर एक आख्खा ग्रंथ रचला. त्याचा ग्रीक मूळ पाठ नाहीसा झाला आहे, पण सुरयानी भाषांतरात तो टिकून राहिला. त्यात आठही प्रकारचे विचार एकेक करून मांडले आहेत, आणि प्रत्येकासमोर पवित्र शास्त्रातले एक वचन उत्तर म्हणून ठेवले आहे. अशी सुमारे पाचशे उत्तरे आहेत. ही युक्ती त्याने स्वतः शोधली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आपला प्रभू रानात उपाशी असता मोहात पाडणारा तीनदा बोलला, व प्रभूने तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातून उत्तर दिले. ज्याच्या ठायी पाप नव्हते त्याच्याही कानावर ते बोल आले, हे ज्यांना विचार येणे हेच पाप वाटते त्यांनी लक्षात घ्यावे. प्रभूने कान झाकून घेतले नाहीत किंवा तो पळालाही नाही. त्याने बोलणे ऐकले आणि त्याचे उत्तर दिले.

परंतु उत्तर देण्यापूर्वी विचार काय म्हणतो हे नीट ऐकले पाहिजे, कारण काही विचार खरे असतात. ज्याने शेजाऱ्याचा बांध कोरून दोन तास जमीन आपल्यात घेतली, त्याचे मन त्याला रात्री टोचत असेल तर त्यावर स्तोत्र म्हणून काही उपयोग नाही. सकाळी उठून बांध पूर्ववत् करावा. जक्कयाने प्रभूसमोर आपल्या मनाची समजूत घातली नाही, चौपट परत करण्याचे वचन दिले. पवित्र आत्मा दोष दाखवितो तेव्हा तो नेमके कृत्य दाखवितो आणि परत फिरण्याची वाटही दाखवितो. जो विचार कोणत्याही कृत्याचे नाव घेत नाही, केवळ "तू मुळातच वाया गेलेला" असे म्हणतो व पुढची वाट बंद करतो, तो आत्म्याचा शब्द नव्हे. अशा प्रसंगी योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मोठ्या धीराची गोष्ट सांगतो: आपलेच अंतःकरण आपल्यावर ठपका ठेवील तेव्हा देव त्या अंतःकरणाहून थोर आहे व त्याला सर्व ठाऊक आहे. म्हणजे अंतःकरण हे साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी करता येते.

अशी उलटतपासणी देवाने स्वतः कशी केली हे पाहावयाचे असेल तर १ राजे, अध्याय १९ उघडावा. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकट्याने उभे राहून विजय मिळविला होता. लगेच ईजबेल राणीचा निरोप आला, आणि तो जीव घेऊन बैर-शेबाच्या पलीकडे रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला व मरण मागू लागला. विजयाच्या दुसऱ्याच दिवशी मनाची ही दशा होते, हे शास्त्र झाकून ठेवीत नाही. आता देवाने काय केले ते पाहा. त्याने उपदेश केला नाही. दूताने येऊन त्याला उठविले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे पात्र उशाशी होते. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा निजला. दूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातले, आणि प्रवास तुला झेपणारा नाही एवढेच म्हटले. देवाच्या दूताला भाकर व झोप ह्या गोष्टी विश्वासाच्या खालच्या वाटल्या नाहीत. दोन दिवसांच्या उपाशी माणसापुढे तासभर बोधवचने सांगणाऱ्यांनी हा अध्याय महिन्यातून एकदा वाचावा.

पुढे होरेब डोंगराच्या गुहेत देवाने त्याला विचारले की, तू येथे काय करतोस? एलीयाने उत्तर दिले: मी परमेश्वराविषयी फार आवेशी होतो, इस्राएल लोकांनी करार मोडला, संदेष्टे मारले, मी एकटा उरलो आणि आता माझाही जीव घेऊ पाहतात. नंतर मोठा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला आणि शेवटी मंद वाणी झाली. देवाने तोच प्रश्न पुन्हा केला. एलीयाचे उत्तर? दहावे व चौदावे वचन जोडीने वाचून पाहा. शब्दाला शब्द तेच! एवढे सर्व डोळ्यांदेखत होऊन गेले तरी त्याच्या मनातले वाक्य तसूभर हलले नाही. घाण्याचा बैल जसा डोळ्यांवर झापड बांधून त्याच चाकोरीत फिरतो, तसे निराश मन आपल्या एका वाक्याभोवती फिरते. आणि ते वाक्य पूर्ण खरे नव्हते. ओबद्याने परमेश्वराचे शंभर संदेष्टे पन्नास पन्नास करून गुहांत लपविले व त्यांना अन्नपाणी पुरविले, हे एलीयाला त्याच ओबद्याने मागच्याच अध्यायात सांगितले होते. ठाऊक असलेली गोष्ट दुःखात आठवत नाही. देवाने रागावून "तू खोटे बोलतोस" असे म्हटले नाही. त्याने त्याला काम नेमून दिले, हजाएल, येहू व अलीशा ह्यांना अभिषेक करण्याचे. आणि बोलण्याच्या ओघात एक आकडा सांगितला: बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार इस्राएलात आहेत. एकट्याच्या हिशेबाला सात हजारांचे उत्तर मिळाले, आणि अलीशाच्या रूपाने सोबतीही मिळाला.

आता एका प्रकारच्या विचाराविषयी अधिक बोलणे प्राप्त आहे, कारण तो आपल्या मंडळ्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आपण हलके, आपल्याला काय येणार, मोठ्या लोकांपुढे आपण काय बोलणार, हा तो विचार. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीच्या पायऱ्या चढण्याची बंदी होती. सार्वजनिक पाण्यावरील हक्कासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह जावे लागले. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली. परंतु कलमाने पाटी पुसली तरी पाटीवरचे अक्षर मनात राहून जाते. हा विचार आपल्या मनात उगवलेला नाही. तो दुसऱ्यांनी तेथे पेरला आहे, आणि पिढ्यान् पिढ्या पाणी घालून जोपासला आहे. ज्याने तो पेरला त्याचे पाप ज्याच्या मनात तो सलतो त्याच्या माथी मारणे हा अन्याय होय. आणि त्याला केवळ मनातल्या मनात उत्तर देऊन भागावयाचे नाही. जेथे अपमान आजही चालू आहे तेथे त्याविरुद्ध उभे राहणे हेही त्या उत्तरातच येते.

शास्ते ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील गिदोनाची हकीकत येथे फार उपयोगी पडते. मिद्यानी लोकांच्या भीतीने तो गहू खळ्यावर न मळता द्राक्षकुंडात लपून झोडीत होता. देवाच्या दूताने त्याला बलवान वीर म्हणून हाक मारली, तेव्हा त्याने उत्तर केले की, आमचे कूळ मनश्शेत सर्वांत दुबळे, आणि बापाच्या घरात मी सर्वांत लहान. ह्यावर देवाने, तुमचे कूळ दुबळे नाही, असा वाद घातला नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढेच त्याने सांगितले. कुळाचा हिशेब त्याने खोडला नाही, पण निकाल त्या हिशेबावर ठेवला नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने आपल्या प्रतिरूपाचे मनुष्य निर्माण केले तेथेही कुळाचा उल्लेख नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग योग्य वचन सापडले म्हणजे काम झाले. तसे नाही. वचन हे ताईत नव्हे की गळ्यात बांधले आणि बाधा टळली. इंग्रज कवी विल्यम कूपर ह्याचे चरित्र ह्याबाबतीत प्रत्येक प्रचारकाला ठाऊक असावे. त्याचा जन्म १७३१ चा. सुमारे सहा वर्षांचा असता आई वारली. १७६३ मध्ये त्याने आपला जीव घेण्याचा प्रयत्न केला, आणि त्याला सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर नाथानिएल कॉटन ह्याच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. हा वैद्य ममताळू व भक्तिमान होता. तेथेच पुढच्या वर्षी रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील प्रायश्चित्ताविषयीचे वचन वाचता वाचता कूपरच्या मनात प्रकाश पडला. नंतर तो ओल्नी गावी जॉन न्यूटन पाळकाच्या शेजारी राहू लागला. दोघांनी मिळून गीते रचली, ती १७७९ मध्ये छापून निघाली व आजही जगभर गायली जातात. पण १७७३ मध्ये आजार उलटला. देवाने आपणाला कायमचे टाकले असा ग्रह त्याच्या मनात बसला, आणि १८०० मध्ये तो मरण पावला तोवर हा ग्रह पुरता कधीच गेला नाही. ज्याच्या गीतांनी हजारोंना धीर दिला तो स्वतः सत्तावीस वर्षे अंधारात चालला.

ह्या मनुष्याला विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? त्याच्या मनाला रोग जडला होता, जसा कोणाच्या फुप्फुसाला जडतो. न्यूटनने त्या वाईट काळात वर्षाहून अधिक दिवस त्याला आपल्या घरात ठेवून घेतले; आणि पुढे कूपर बागेत राबू लागला, सुतारकाम करू लागला, त्याने तीन ससे पाळले. सशांनी त्याचा रोग बरा केला नाही. पण सकाळी उठून त्यांना चारा घालावयाचा आहे, एवढे निमित्त त्याला मिळाले. आज त्या काळी नव्हती अशी औषधे आहेत, आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून मनोविकारांवर उपचार होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने टेलिमानस नावाची मोफत सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. फोन करणाऱ्याशी मराठीतही बोलले जाते. ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जो मरणाच्या गोष्टी बोलतो, त्याला घेऊन डॉक्टरकडे जावे. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही. तापात कोयनेल घेताना आपण कधी अशी शंका काढली नाही. लूक हा वैद्यच होता.

तर मग अशा मनुष्याच्या घरी प्रचारकाने जाऊन करावे तरी काय? ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस ते जमिनीवर त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. त्यांच्या साऱ्या भेटीत उत्तम भाग तोच. तोंडे उघडल्यावर त्यांनी काय घोटाळा केला हे पुढील अध्याय सांगतात. जाताना "आनंदी विचार करा" असा उपदेश तर मुळीच नेऊ नये. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाने मनन करण्याजोग्या गोष्टींची यादी दिली आहे, आणि ती पुष्कळांना पाठ असते. पण त्या यादीत पहिले स्थान सत्याला आहे. सुखकारक हा शब्द त्यात नाही. पीक बुडाले असेल तर पीक बुडाले हे सत्य. सावकाराचा अथवा सोसायटीचा तगादा हेही सत्य. ते नाकारून मनाला गोडी लावणे म्हणजे जखमेवर माती लिंपणे. पौलाने ते पत्र बंदिवासात असताना लिहिले हेही विसरू नये.

त्या पौलाचेही मन एकदा ठिकाणावर नव्हते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो स्वतःच लिहितो की, त्रोवस येथे शुभवर्तमानासाठी दार उघडले असता तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना, आणि तो काम सोडून मासेदोनियाकडे निघून गेला. सातव्या अध्यायात पुढची हकीकत आहे: तेथेही बाहेर भांडणे व आत भीती अशी अवस्था होती, आणि खचलेल्यांचे सांत्वन करणाऱ्या देवाने त्याचे सांत्वन केले, ते तीताच्या येण्याने. येथे ना दर्शन झाले, ना आकाशवाणी. एक ओळखीचा मनुष्य वाट तुडवीत दाराशी आला.

म्हणून, प्रचारक बंधूंनो, तीन रविवार जो दिसला नाही त्याच्या घरी संध्याकाळी जावे. रिकाम्या हाती जाऊ नये. घरी चूल पेटली नसेल. त्याला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, आणि एकदम आनंदाची स्तोत्रे काढू नका. अगोदर ८८ वे स्तोत्र वाचा. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी एकही उजेडाची ओळ नाही, आणि तरीही देवाने ते आपल्या पुस्तकात राहू दिले. ते संपल्यावर आपल्या पदरची काही जोड देऊ नका. दुसऱ्या भेटीत ४२ वे घ्या, ज्यात गाणारा आपल्याच जिवाला, तू का खचलास, असे विचारतो. एकदा विचारून भागले नाही म्हणून पुन्हा विचारतो, आणि ४३ व्या स्तोत्रात तिसऱ्यांदा. पहिल्या दिवशी मात्र ८८ वे पुरे. तेवढे वाचून पुस्तक मिटावे, कंदील थोडा बारीक करावा, आणि त्याला बोलू द्यावे.